पाद्र्यांना वेगळा कायदा का होता, आणि त्यातलं आज काय उरलंय?

दस्तऐवज

गुन्हेगार पाद्री आहे एवढ्याच कारणावरून राजाच्या कोर्टाने त्याला हात लावायचा नाही, ही कल्पना इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात पक्की झाली आणि तिचं शेपूट तिथल्या कायद्यात १८२७ पर्यंत शिल्लक होतं. यावर नीट चर्चा व्हावी असं मनापासून वाटतंय म्हणून हा धागा काढलाय, कारण याच विषयाचा एक भाग आजही जिवंत आहे: कन्फेशनमध्ये, म्हणजे पाद्र्याकडे आपल्या पापाची कबुली देण्याच्या विधीत, ऐकलेला गुन्हा पाद्र्याने पोलिसांना सांगायचा की नाही. त्यावर वाद घालताना लोक दोन वेगळ्या गोष्टी, पाद्र्याची सूट आणि कन्फेशनचं गुपित, एकात कालवतात असं मला सारखं जाणवतं.

बाराव्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीच्या काळात चर्चची स्वतःची कोर्टं होती. पाद्री, मठातले साधू, अगदी चर्चमधला खालच्या पायरीवरचा सेवक, सगळे त्या कोर्टाच्या ताब्यात. चर्चला रक्त सांडायची मनाई, म्हणून तिथे देहदंड नाही, हातपाय तोडणं नाही. प्रायश्चित्त, पदावरून काढणं, फार तर बिशपच्या तुरुंगात टाकणं. सुटायचं असेल तर साधारण बारा जण उभे करायचे, त्यांनी शपथेवर सांगायचं की हा माणूस खरं बोलतोय, संपलं. बेडफर्डचा फिलिप द ब्रॉय नावाचा एक पाद्री एका सरदाराच्या खुनाच्या आरोपातून असाच बिशपच्या कोर्टात शपथेवर सुटला होता, आणि ११६३ मध्ये राजाच्या न्यायाधीशाने ते प्रकरण पुन्हा उकरून काढलं तेव्हा त्याने त्या न्यायाधीशालाच शिवीगाळ केली. हेन्रीचं डोकं फिरलं. ११६४ मध्ये क्लॅरेंडनला त्याने नियम लिहून काढले: पाद्र्याची चौकशी चर्चच करेल, पण दोषी ठरला तर त्याचं पद काढून घ्यायचं आणि मग राजाचं कोर्ट त्याला सामान्य माणसासारखी शिक्षा देईल. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असलेल्या आर्चबिशप थॉमस बेकेटचं म्हणणं, पद काढलं हीच शिक्षा झाली, देवसुद्धा एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा करत नाही. पुढचं बहुतेकांना माहीत असेल, २९ डिसेंबर ११७० ला चार सरदारांनी बेकेटला कॅंटरबरीच्या चर्चमध्ये मारलं, आणि त्या खुनाचा डाग इतका मोठा होता की राजाला या मुद्द्यावर माघार घ्यावी लागली. ११७६ मध्ये त्याने मान्य केलं की जंगलाच्या कायद्याचे गुन्हे सोडले तर पाद्री राजाच्या कोर्टात उभे केले जाणार नाहीत.

बेकेट जिवंत असता तर कदाचित हेन्री जिंकला असता. हे माझं मत.

आता खरी गंमतीची नाही तर विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. समोरचा माणूस खरंच पाद्री आहे हे ओळखायचं कसं? त्या काळी वाचता येणारा म्हणजे बहुतेक चर्चचाच माणूस, म्हणून कोर्टाने वाचनाची परीक्षा सुरू केली. चौदाव्या शतकापासून जो वाचेल तो पाद्री असं धरायला लागले, मग तो खाटीक का असेना. परीक्षा अशी: कैद्याच्या हातात लॅटिन स्तोत्रसंहिता द्यायची, शेजारी बिशपचा माणूस उभा. बहुतेक वेळा एकावन्नाव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा माझ्यावर दया कर अशी. न्यायाधीश विचारणार, वाचतो का? बिशपचा माणूस म्हणणार, वाचतो, किंवा नाही वाचत. त्या एका उत्तरावर गळ्यात दोर पडणार की नाही ते ठरायचं. अक्षर ओळखता न येणारे लोक ती ओळ नुसती पाठ करून जायचे.

१४८९ मध्ये सातव्या हेन्रीच्या कायद्याने ठरलं की जो खरा पाद्री नाही त्याला ही सूट आयुष्यात एकदाच. ओळख राहावी म्हणून डाव्या अंगठ्याच्या मांसल भागावर तापलेल्या लोखंडाने डाग, खून असेल तर एम, चोरी असेल तर टी. भर कोर्टात. पुढच्या वेळी आधी अंगठा बघायचा. १५३१ च्या सुमाराला ठरवून केलेल्या खुनाला ही सूट बंद झाली, १५७६ मध्ये कैद्याला बिशपच्या हवाली करणंच थांबलं आणि न्यायाधीश हवं तर वर्षभर कैद देऊ लागले. म्हणजे चर्चचा संबंध संपला, नाव तेवढं राहिलं, आणि ती सूट म्हणजे पहिल्या गुन्ह्याला फाशी टाळायचा रस्ता होऊन बसली. त्यामुळेच पार्लमेंटला नवीन गुन्ह्यासाठी खरोखर फाशी हवी असेल तर कायद्यात स्पष्ट लिहावं लागायचं की याला पाद्रीपणाची सूट नाही. अठराव्या शतकातले ते दोनशेच्या आसपास फाशीचे गुन्हे, त्यांच्या कलमांमध्ये हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. १७७० च्या बॉस्टनच्या गोळीबारानंतर किलरॉय आणि माँटगोमेरी या दोन ब्रिटिश सैनिकांवर मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. त्यांचे वकील होते जॉन ॲडम्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. सैनिकांनी पाद्रीपणाची सूट मागितली, ती मिळाली, अंगठ्यावर डाग घेतला आणि सुटले. दोघांचा चर्चशी काडीचा संबंध नव्हता.

माझा मुद्दा असा की कुठलीही अशी सूट दिसली की ती कुणासाठी आहे हे आधी विचारावं. बाराव्या शतकातली सूट पाद्र्याच्या अंगाला चिकटलेली होती, ती वाईटच. कन्फेशनचं गुपित मात्र पाद्र्यासाठी नाही, बोलणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला काय वाटतं?

निळावंती

फार छान लिहिलंय. पण मग बायकांचं काय? बाई पाद्री होऊ शकत नाही, म्हणजे तिला वाचता आलं तरी फाशीच?

दस्तऐवज

हो, आणि हाच त्यातला सगळ्यात मोठा अन्याय. एकाच चोरीत नवरा-बायको सापडले तर नवरा ओळ वाचून सुटणार आणि बायको फासावर. १६२४ च्या आसपास दहा शिलिंगपेक्षा कमीच्या चोरीपुरती बायकांना तशीच सूट मिळाली, आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १६९० चं दशक उजाडलं. वाचनाची अट गेली १७०६ मध्ये. तोवर निरक्षर माणूस निरक्षर आहे म्हणून मेला, दुसरं कारण नाही. १७१८ पासून या सुटीखाली आलेल्यांना सात वर्षांसाठी अमेरिकेच्या वसाहतींत पाठवायला लागले.

खडूफळा

विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू पण बघा, पाद्री फक्त सूट घेणारे नव्हते, न्याय देण्याच्या कामात ते आत खोलवर होते. दिव्य करायची पद्धत होती ना, तापलेलं लोखंड हातात घेऊन नऊ पावलं की नऊ फूट चालायचं, किंवा बांधून थंड पाण्यात सोडायचं, हे सगळं पाद्र्याशिवाय होतच नव्हतं. आरोपी तीन दिवस उपास करणार, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होणार, पाद्री लोखंडावर प्रार्थना म्हणणार, मग आरोपीने ते उचलायचं. हात बांधून त्यावर सील करायचं आणि तीन दिवसांनी पाद्र्याने पट्टी सोडून बघायचं, जखम स्वच्छ असेल तर निर्दोष, चिघळली असेल तर दोषी. म्हणजे निकाल प्रत्यक्षात त्या पट्टी सोडणाऱ्या माणसाच्या नजरेत. भाजलेला हात तीन दिवसांनी कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल की तिथे दोन्ही निकाल देता येतात.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेत, पोपने पाद्र्यांना यात भाग घ्यायला मनाई केली. झालं, पाद्र्याचा आशीर्वाद नाही तर देवाचा निकाल कसा मानायचा? १२१९ मध्ये इंग्लंडच्या फिरत्या न्यायाधीशांना आदेश गेला की दिव्य बंद, आणि पर्याय काय ते नीट सांगितलंच नव्हतं! हळूहळू ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य लोकांच्या पंचांनी, ती जागा भरून काढली. आज आपण ज्युरी ही लोकशाहीची देणगी म्हणतो, पण इंग्लंडच्या फौजदारी खटल्यात ती रुजायला पाद्र्यांनी अंग काढून घेणं हे मोठं कारण होतं.

आणि त्याच परिषदेत आणखी एक नियम झाला. प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायचं, आणि जो पाद्री ते गुपित फोडेल त्याचं पद काढून त्याला जन्मभर कडक मठात प्रायश्चित्ताला बसवायचं. एका हाताने न्यायातलं रक्ताचं काम सोडलं आणि दुसऱ्या हाताने गुपिताचं काम घेतलं, एकाच वर्षी. दस्तऐवज, तुमच्या दोन गोष्टींचा सांधा इथे आहे असं मला वाटतं.

दस्तऐवज

अगदी. हे मी मूळ लेखातच घालायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

वाटाड्या

चर्चमधला आसरा राहिला. गुन्हेगार पळत चर्चमध्ये शिरला की चाळीस दिवस त्याला कुणी ओढून काढायचं नाही. गावकऱ्यांनी बाहेर पहारा ठेवायचा, निसटला तर दंड त्यांनाच. त्या मुदतीत एक तर खटल्याला सामोरा जा, नाहीतर कॉरोनर नावाच्या राजाच्या अधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घे. मग ठरवून दिलेल्या बंदराकडे लाकडी क्रूस हातात धरून राजरस्त्याने चालत जायचं, रस्ता सोडला की कुणीही मारावं. डरहमच्या चर्चच्या दारावर त्यासाठीचा मोठा ब्राँझच्या कडीचा मुखवटा असायचा, आता तिथे नक्कल आहे, मूळ आत ठेवलंय. हा आसरा गुन्हेगारांसाठी १६२४ च्या सुमाराला कायद्याने बंद झाला. मला ही पद्धत वाईट वाटत नाही खरं सांगायचं तर, रागाने पेटलेल्या जमावापासून चाळीस दिवस मिळणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल.

सांजवेळ

मी कॅथलिक आहे, लहानपणापासून कन्फेशनला जाते, म्हणून थोडं आतलं लिहिते, कारण बाहेरच्यांना वाटतं की आत जाऊन सांगितलं की पाटी कोरी आणि माणूस मोकळा. तसं नाहीये. जाळीच्या पलीकडे फादर असतात, बऱ्याचदा कोण बोलतंय ते त्यांना दिसतही नाही. चोरी केली असेल तर ते पहिलं विचारतील, वस्तू परत केलीस का? पश्चात्ताप खरा असेल तर परतफेड करावीच लागते, नाहीतर क्षमा कसली. आणि फादरना ऐकलेलं कुणालाही सांगता येत नाही, फोडलं तर ते आपोआप बहिष्कृत होतात, हे आजही चर्चच्या कायद्यात आहे.

यावरून न्यूयॉर्कचा १८१३ चा खटला झाला. चोरीला गेलेले दागिने फादर अँथनी कोलमन या जेझुइटांनी (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघातले) मालकाला परत नेऊन दिले. पोलिसांना फिलिप्स नावाच्या माणसावर आणि त्याच्या बायकोवर संशय, फादरना बोलावलं, सांगा कुणी दिले. ते म्हणाले नाही सांगणार, तुरुंगात जाईन. कोर्टाचे प्रमुख होते न्यूयॉर्कचे महापौर डेविट क्लिंटन, प्रॉटेस्टंट माणूस, आणि त्यांनी निकाल दिला की फादरवर सक्ती करता येणार नाही, कारण सक्ती केली तर या धर्माच्या लोकांना त्यांचा संस्कारच पाळता येणार नाही. आरोपी सुटले. पण मालकाला दागिने मिळाले ना! गुपिताची खात्री नसती तर ते दागिने कधीच परत आले नसते. १८२८ मध्ये न्यूयॉर्कने हे कायद्यातच घातलं.

कोर्टातला

वकिलीत असल्याने यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. सांजवेळ यांनी दिलेल्या खटल्याचा जुळा भाऊ इंग्लंडमध्ये आहे आणि निकाल बरोब्बर उलटा. १८६०, डरहम, चोरीचं घड्याळ, फादर केली यांच्यामार्फत परत आलं. न्यायाधीश म्हणाले तुम्हाला कन्फेशनमध्ये काय ऐकलं ते विचारतच नाही, घड्याळ कुणी दिलं एवढंच सांगा. फादर गप्प. कोर्टाच्या अवमानाबद्दल ताब्यात घेतलं. वस्तू तीच, कृती तीच, एकीकडे संरक्षण आणि एकीकडे कोठडी.

त्यानंतर पाच वर्षांनी कॉन्स्टन्स केंट. १८६० मध्ये तिच्या चार वर्षंही पूर्ण न झालेल्या सावत्र भावाचा खून झाला होता, गूढ उकलत नव्हतं. १८६५ मध्ये तिने रेव्हरंड आर्थर वॅगनर यांच्याकडे कबुली दिली आणि मग स्वतः कोर्टात गेली. वॅगनरनी दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं की कन्फेशनबद्दल मी बोलणार नाही, आणि ते अँग्लिकन, म्हणजे कॅथलिक नव्हे तर इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे, त्यामुळे पार्लमेंटपर्यंत गदारोळ. तिने गुन्हा कबूल केल्यामुळे कोर्टाला प्रश्न तडीस न्यावाच लागला नाही. फाशीची जन्मठेप झाली, १८८५ ला ती सुटली.

भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यात नवरा-बायकोमधलं आणि वकील-अशीलामधलं बोलणं संरक्षित होतं, धर्मगुरूचं नाही, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही नाही. मला व्यक्तिशः ही उणीव वाटते. इंग्रज विचारवंत बेंथमसारखा माणूस, ज्याला वकिलाचं गुपितसुद्धा मान्य नव्हतं, तो कन्फेशनच्या गुपिताच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं, सक्ती केलीत तर कबुली मिळणार नाही, लोक कन्फेशन करायचेच थांबतील. हाती काहीच लागणार नाही.

पानगळ

सगळं वाचलं आणि मला राग आलाय, तो लपवत नाही. चोरीचं घड्याळ आणि दागिन्यांची उदाहरणं देऊन हा विषय सोज्वळ करू नका. फ्रान्समध्ये २०२१ च्या चौकशी समितीचा अंदाज होता की १९५० पासून पाद्री आणि मठवासीयांनी मिळून सुमारे २,१६,००० मुलांवर अत्याचार केले. अमेरिकेत २००४ च्या अहवालात ४,३९२ पाद्र्यांवर आरोप होते. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, वर्षानुवर्षं साक्षी ऐकून २०१७ मध्ये सांगितलं की मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कळवायच्या कायद्यात कन्फेशनला सूट नको. त्यांच्यासमोर आलेल्या साक्षींमध्ये कन्फेशनमध्ये पुन्हा पुन्हा कबुली देऊन पुन्हा तेच करणारे पाद्री होते. गुपित बोलणाऱ्यासाठी आहे म्हणता, मग बोलणारा स्वतःच पाद्री असेल तेव्हा काय? तेव्हा ती बाराव्या शतकातलीच सूट झाली की नाही? आपल्या माणसाचं आपण बघून घेऊ, हेच.

दस्तऐवज

पानगळ, तुमचा राग रास्त आहे आणि मुद्दा बिनतोड आहे. पण एक वेगळं काढून बघायला हवं. या प्रकरणांमध्ये जी लपवाछपवी झाली त्यातली बहुतेक कन्फेशनमध्ये नव्हती, ती बिशपच्या कार्यालयातल्या कपाटात होती. आईबापांनी पत्रं लिहिली, बिशपनी पाद्र्याला दुसऱ्या गावी बदलून टाकलं, फाइल बंद. त्याला कन्फेशनचं संरक्षण कधीच नव्हतं. चर्चच्या आतल्या अशा खटल्यांवर जी पोपची गुप्तता होती ती पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये काढली, म्हणजे २०१९ पर्यंत ती होती! बेकेटचं भूत मला तिथे दिसतं, जाळीमागे नाही. त्या कपाटांच्या बाबतीत मी तसूभरही सूट देणार नाही, बिशप असो की कार्डिनल, माहिती दाबली तर तुरुंग.

कोर्टातला

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हाच फरक शेवटी कायद्यात उतरला. मे २०२५ मध्ये गव्हर्नरनी सही केलेल्या कायद्याने पाद्र्यांना अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक केलं, कन्फेशनलाही सूट नव्हती. बिशप कोर्टात गेले, जुलैमध्ये फेडरल न्यायाधीशांनी कन्फेशनपुरती अंमलबजावणी थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये राज्याने तेवढा भाग लागू न करायचं मान्य केलं. बाकी ठिकाणी, म्हणजे ऑफिसात, शाळेत, फोनवर कळलं तर पाद्र्याला कळवावंच लागतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड यांनी मात्र कन्फेशनलाही सूट ठेवली नाही.

निळावंती

तुरुंगातल्या चॅप्लेनबद्दल, म्हणजे तिथे नेमलेल्या पाद्र्याबद्दल, कुणी लिहा ना. फाशीच्या वेळी पाद्री असतो तो कुणाच्या बाजूचा?

खडूफळा

दोन्ही टोकं झालीत. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाचा चॅप्लेन फाशी जाणाऱ्यांच्या मागे लागून कबुली काढायचा आणि त्यांची चरित्रं न् कबुल्या छापून विकायचा, सतराव्या-अठराव्या शतकात ही त्याची अधिकृत नसलेली पण राजरोस कमाई होती. मरणाच्या दारातला माणूस आणि समोर प्रकाशक, मला हे वाचून किळस आली होती. दुसरं टोक २०२२ चं. टेक्सासच्या जॉन रामिरेझने मागितलं की विषाचं इंजेक्शन देताना माझ्या पास्टरने माझ्या अंगावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना म्हणावी. तुरुंग खात्याने नकार दिला, सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी रामिरेझची बाजू घेतली. त्याच वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. तिथे हक्क कैद्याचा म्हणून मानला गेला, पाद्र्याचा नाही.

पानगळ

दस्तऐवज, कपाटांचं मान्य. पण एक उरतंच. ऑस्ट्रेलियाच्या कमिशनसमोर असेही लोक आले ज्यांनी लहानपणी कन्फेशनमध्ये आपल्यावरचा अत्याचार सांगितला होता. मुलाने सांगितलं, फादरनी ऐकलं, आणि काहीच झालं नाही. त्याचं काय?

सांजवेळ

अशा वेळी फादरनी मुलाला सांगायचं असतं की तुझं काही चुकलेलं नाही, हे पाप नाहीच, तू बाहेर येऊन मला किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, म्हणजे मला मदत करता येईल. नियमात ही वाट आहे. ती किती जणांनी वापरली हा प्रश्न मलाही छळतो.

पानगळ

दहा वर्षांच्या मुलाने सगळं बळ एकवटून एकदा सांगितलं, आता दारातून बाहेर येऊन पुन्हा सांग म्हणायचं? ते नाही सांगणार.

दस्तऐवज

नाही सांगणार, बरोबर आहे तुमचं. मी गुपित बोलणाऱ्याचं असतं म्हणत आलोय, तर तोच नियम इथे सरळ लावतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याच्या दृष्टीने हा हक्क कन्फेशन करणाऱ्याचा आहे, पाद्र्याचा नाही, करणारा तो सोडूही शकतो. मग ज्या मुलावर अत्याचार झालाय त्याने सांगितलं असेल तर ते गुपित त्या मुलाच्या भल्याविरुद्ध कुणी वापरू नये, फादरनी त्याच दिवशी कळवावं, आणि कायद्याने तेवढं तरी सक्तीचं करावं. सांजवेळ, तुमच्या चर्चच्या कायद्यात आज हे बसत नाही हे मला कळतं, पण १२१५ चा नियम माणसांनीच केला होता.